सही करण्यापूर्वी लॅरियनचा हिशेब वाच

प्रिय तरुण मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा कराराचा मसुदा दोन्ही सावकाश वाचले. तुम्ही चौघांनी पुण्यात बसून केलेला तुमच्या गेमचा डेमोही मी शेवटपर्यंत खेळलो आणि तो मला आवडला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे सगळे पत्र व्यवहाराविषयी आहे आणि त्यावरून मला तुमच्या कामात खोट दिसते असा समज व्हायला नको. प्रकाशकाच्या करारावर सही करावी की नाही, हा तुझा प्रश्न आहे. आणि जाता जाता तू असेही लिहिले आहेस की तुम्हाला पुढेमागे लॅरियनसारखा गेम स्टुडिओ उभा करायचा आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे. लॅरियनचे नाव आज सर्वांच्या तोंडी आहे ते ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण रूपात आलेल्या 'बाल्डर्स गेट ३' या गेममुळे, पण स्वेन विंके यांनी बेल्जियममध्ये तो स्टुडिओ सुरू केला १९९६ मध्ये, म्हणजे तुझ्या जन्माच्याही आधी. मधल्या २७ वर्षांतला बराचसा काळ प्रकाशकांशी केलेल्या करारांचे परिणाम भोगण्यात आणि मग त्यांतून बाहेर पडण्यात गेला आहे. तुझ्या प्रश्नाचे उत्तर त्या काळात आहे, पुरस्कारांच्या रात्रीत नाही.

तो इतिहास मी एकाच प्रश्नाच्या अंगाने वाचतो. कोणता गेम किती चांगला निघाला हे मी बाजूला ठेवतो आणि पाहतो की हा गेम आता पुरा झाला असे म्हणण्याचा हक्क त्या वेळी कोणाच्या हातात होता. स्वतंत्र स्टुडिओ म्हटले की पाच-सात माणसे, भाड्याची खोली आणि मनासारखे काम, एवढेच चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे येते. माझ्या लेखी स्वतंत्र स्टुडिओ तो, ज्याला 'अजून तयार नाही' असे म्हणून तारीख पुढे ढकलता येते आणि त्यानंतरच्या महिन्याचे पगारही करता येतात. यांतली एकच गोष्ट जमत असेल, तर बाकीचे स्वातंत्र्य फारसे कामाला येत नाही.

सुरुवातीच्या वर्षांविषयी थोडक्यात लिहितो. लॅरियनच्या पहिल्या रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या गेममध्ये, अटारी या गेम कंपनीने रस घेतला होता, पण अटारीच अडचणीत येऊन त्या धंद्यातून बाहेर पडली आणि प्रकल्प तिथेच थांबला. १९९७ मध्ये 'द एल.ई.डी. वॉर्स' हा स्ट्रॅटेजी गेम आला. तो काही महिन्यांत उरकलेला होता आणि त्याविषयी अधिक लिहावे असे काही नाही. त्यानंतर अ‍ॅटिक या जर्मन कंपनीसोबत 'द लेडी, द मेज अँड द नाइट' नावाचा मोठा रोलप्लेइंग गेम हाती घेतला गेला आणि १९९९ मध्ये तोही बंद पडला. म्हणजे पहिल्या तीन वर्षांत दोन मोठी कामे दुसऱ्याच्या दारात अडकून संपली. दोन्ही वेळा गेम वाईट होता म्हणून तो थांबला असे नाही, तर ज्याच्या पैशावर किंवा ज्याच्या सोबतीने तो चालला होता त्याचेच चालेना, म्हणून थांबला. तुमच्या मसुद्यात प्रकाशकाने काम थांबवले तर काय होईल याविषयी कलम १४ मध्ये एक वाक्य आहे, आणि त्यानुसार तोवर झालेले सर्व काम प्रकाशकाकडे राहणार आहे. ते वाक्य तसेच राहू देऊ नकोस. प्रकाशकाने आपल्या कारणाने करार मोडला, तर गेमचे सर्व हक्क आणि कोड स्टुडिओकडे परत आले पाहिजेत. घेतलेली रक्कम पुढे गेम विकला गेल्यास त्यातून फेडण्याची तयारी तुम्ही दाखवू शकता, आणि बहुतेक प्रकाशक एवढे मान्य करतात.

आता २००२ कडे येतो. त्या वर्षी जर्मनीतील सीडीव्ही या प्रकाशकामार्फत लॅरियनचा पहिला मोठा रोलप्लेइंग गेम बाजारात आला. स्टुडिओने त्याचे नाव 'डिव्हिनिटी: द स्वोर्ड ऑफ लाइज' असे ठेवले होते. प्रकाशकाला ते पसंत नव्हते आणि शेवटी गेम आला तो 'डिव्हाइन डिव्हिनिटी' या नावाने. हे नाव किती विचित्र आहे हे विंके यांनी स्वतः अनेकदा हसून सांगितले आहे, आणि आपणही हसून सोडून देऊ. नाव वाईट असले म्हणून कोणी उपाशी राहत नाही. पैशाची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. समीक्षकांनी गेमचे कौतुक केले, लोकांनी तो विकत घेतला, आणि तरीही करार असा होता की स्टुडिओच्या हाती फारसे काही लागले नाही. चांगला गेम बाजारात असताना लॅरियनला माणसे कमी करावी लागली.

हे कसे घडते ते तुझ्याच मसुद्यातील आकड्यांवरून दाखवतो. आगाऊ रक्कम ८० लाख रुपये, स्टुडिओचा वाटा निव्वळ उत्पन्नाच्या २५ टक्के, आणि आगाऊ रक्कम स्टुडिओच्या वाट्यातून वळती करून घेतली जाईल, असे कलम ७ सांगते. वाचताना हे सरळ वाटते. पण तुमच्या २५ टक्क्यांतून ८० लाख फिटायचे म्हणजे तोवर प्रकाशकाकडे ३ कोटी २० लाख रुपये जमा झालेले असणार, आणि त्या सगळ्या काळात तुम्हाला एक रुपयाही मिळणार नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचा ३० टक्के वाटा त्याआधीच कापला जातो, म्हणजे ग्राहकांनी सुमारे ४ कोटी ५७ लाख रुपये मोजलेले असावे लागतात. गेमची किंमत ५०० रुपये धरली तर ही ९१ हजारांहून अधिक प्रतींची विक्री झाली, आणि यात सेलमधली सवलत, परत केलेल्या प्रती व कर मी धरलेलेच नाहीत. प्रकाशकाने दिलेले ८० लाख मात्र त्याच्याकडे आलेल्या पहिल्या ८० लाखांतच वसूल झालेले असतात. यात कोणी कोणाला फसवले असे मी म्हणत नाही; जाहिरातीचा खर्च आणि जोखीम प्रकाशकही उचलतो. परंतु वसुली तुमच्या वाट्यातून न होता संपूर्ण निव्वळ उत्पन्नातून व्हावी, एवढा एक शब्दप्रयोग बदलून घेतलास, तर तुमच्या हातात पहिला पैसा ३ कोटी २० लाखांनंतर येण्याऐवजी ८० लाखांनंतर येऊ लागेल. माझ्या मते वाट्याची टक्केवारी वाढवून मागण्यापेक्षा हा बदल मागणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि तो मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

त्यानंतरची काही वर्षे लॅरियनने कशावर काढली, हे गेमिंगच्या चाहत्यांना सहसा ठाऊक नसते. २००४ मध्ये 'बियाँड डिव्हिनिटी' आला; त्याच सुमारास फ्लेमिश सार्वजनिक वाहिनीच्या मुलांच्या केटनेट या विभागासाठी त्यांनी 'केटनेट किक' नावाचा गेम तयार केला, आणि पुढे बीबीसीच्या मुलांच्या वाहिनीसाठी 'अ‍ॅडव्हेंचर रॉक' हे आभासी जग उभे करून दिले. बेल्जियमच्या एका शैक्षणिक प्रकाशनसंस्थेसोबत गणिताचा सराव करून घेणारे 'मंकी टेल्स' हे गेमही त्यांनी केले. तलवारी आणि ड्रॅगन यांच्या गोष्टी सांगण्याची हौस असलेल्या मंडळींनी वर्षानुवर्षे मुलांसाठी ठेक्याचे काम केले, तेव्हा कुठे पगार चालू राहिले. आपल्याकडे, विशेषतः पुण्या-मुंबईत, परदेशी स्टुडिओंसाठी पात्रे, इमारती, झाडे-झुडपे यांची मॉडेल्स तयार करून देणारी पुष्कळ मंडळी आहेत, आणि स्वतःचा गेम करू पाहणारी तरुण पिढी या कामाकडे नाक मुरडून पाहते. तुझ्या पत्रातही तो सूर आहे. मी या कामात बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती असेल, ते तसे धरून चाल. परंतु ठेक्याच्या कामाला वेळेची शिस्त असते, पैसे ठरलेल्या दिवशी येतात आणि त्या पैशावर कोणाचा पुढच्या गेममधला वाटा बसलेला नसतो. तुमच्यापैकी दोघांनी आठवड्यातले दोन दिवस असे काम घेतले, तर त्याने तुमच्या स्वातंत्र्यात भरच पडेल.

२००९ हे वर्ष तू विशेष लक्ष देऊन पाहावेस. 'डिव्हिनिटी २: इगो ड्रॅकोनिस' हा गेम स्टुडिओच्या दृष्टीने पुरता तयार झालेला नव्हता. पण २००८ च्या आर्थिक संकटानंतरचा तो काळ होता, पैसा आटलेला होता, आणि गेम बाहेर काढण्याखेरीज मार्ग उरला नव्हता. समीक्षा संमिश्र आल्या. कल्पना चांगली, पण गेम कच्चा, असा त्यांचा एकूण सूर होता. २०१० मध्ये 'फ्लेम्स ऑफ व्हेंजन्स' हा विस्तार आणि मूळ गेमची सुधारलेली आवृत्ती आली, आणि २०१२ मध्ये 'डेव्हलपर्स कट' नावाने आणखी एक आवृत्ती आली. जे काम आधी करायचे ते नंतर झाले आणि गेम खरोखरच सुधारला, मात्र पहिल्या आठवड्यात जी समीक्षा छापून येते ती पुन्हा कोणी छापत नाही. या अनुभवातून विंके यांनी असा निष्कर्ष काढला की यापुढे प्रकाशन स्वतः करायचे. बाहेरून गुंतवणूक उभी करून त्यांनी एकाच वेळी दोन गेम हाती घेतले, 'ड्रॅगन कमांडर' आणि 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन'.

इथून पुढचा भाग तू ऐकलेला असशील, कारण स्वतंत्र स्टुडिओंच्या मेळाव्यांत तो वारंवार सांगितला जातो. पण तो सांगताना एक बाजू गाळली जाते. मार्च २०१३ मध्ये लॅरियनने 'ओरिजिनल सिन'साठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ४ लाख डॉलर मागितले आणि त्यांना १९,५४१ लोकांकडून ९,४४,२८२ डॉलर मिळाले. लोकांनी गेम जगवला, अशी ही गोष्ट सांगितली जाते. वस्तुस्थिती अशी की ती रक्कम एकूण खर्चाचा एक लहान हिस्सा होती, आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या 'ड्रॅगन कमांडर'ने अपेक्षेइतका हात दिला नाही. जानेवारी २०१४ मध्ये गेम स्टीमवर अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये ठेवला गेला, म्हणजे अपुरा आहे असे सांगून तो विकायला काढला. तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि तोवर कंपनी दिवाळखोरीच्या अगदी काठावर आली होती. विंके यांनी त्या महिन्यांविषयी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. ३० जून २०१४ रोजी गेम आला, सप्टेंबरपर्यंत त्याच्या ५ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या, आणि स्टुडिओ वाचला.

या प्रसंगाचे दोन अर्थ निघतात आणि तू दोन्ही मनात ठेवावेस असे मला वाटते. पहिला अर्थ उघड आहे. २००९ मध्ये ज्या अवस्थेत गेम बाहेर काढावा लागला, त्या अवस्थेत २०१४ मध्ये तो काढला नाही, आणि फरक नेमका त्या जास्तीच्या महिन्यांचा होता. 'ओरिजिनल सिन'मध्ये पावसाने साचलेल्या पाण्यात वीज सोडली की त्यात उभे असलेले सगळे शत्रू गारद होतात, सांडलेल्या तेलाला ठिणगी लागली की आग पसरते, विषारी धुराला ज्वाळा लागली की स्फोट होतो, आणि दोन खेळाडू एकत्र खेळत असतील तर संभाषणातही एकमेकांशी वाद घालू शकतात. अशा व्यवस्था एकेकट्या लिहायला सोप्या असतात. एकमेकींत मिसळल्या की काय होईल ते कळायला शेकडो माणसांनी तो गेम मोडून पाहावा लागतो, आणि अर्ली अ‍ॅक्सेसने नेमके तेच करून दिले. दुसरा अर्थ फारसा कोणी बोलून दाखवत नाही. जूनमध्ये तो गेम चालला नसता तर हीच कहाणी हट्टापायी बुडालेल्या स्टुडिओची म्हणून सांगितली गेली असती, किंवा सांगितलीच गेली नसती. तारीख ढकलण्याचा हक्क ज्याच्याकडे असतो, तोट्याचे ओझेही त्याच्याच डोक्यावर असते. विंके यांच्याकडे कंपनीची मालकी होती, म्हणून ते हा डाव खेळू शकले. कर्मचाऱ्यांना मात्र त्या डावात मत नव्हते. तुम्ही चौघे आहात, त्यांतल्या एकाच्या घरी आईचे औषधपाणी चालू आहे असे तूच लिहिले आहेस. किती महिन्यांपर्यंत थांबायचे आणि कोणत्या महिन्यात हात टेकायचे, हे चौघांनी आजच कागदावर लिहून ठेवा, पैसा संपत आल्यावर नव्हे.

त्यानंतरची वर्षे चढती होती, म्हणून मी ती भराभर सांगतो. २०१५ मध्ये 'ओरिजिनल सिन'ची सुधारित आवृत्ती आली आणि ज्यांनी पीसीवर मूळ गेम घेतला होता त्यांना ती फुकट मिळाली. त्याच वर्षी दुसऱ्या भागासाठी किकस्टार्टरवर ५ लाख डॉलर मागितले गेले, ते बारा तासांच्या आत जमले, आणि मोहीम संपेपर्यंत आकडा २० लाखांपलीकडे गेला. 'ओरिजिनल सिन २' सप्टेंबर २०१७ मध्ये आला आणि काही महिन्यांत त्याने १० लाख प्रतींचा टप्पा ओलांडला. क्वेबेक, डब्लिन, क्वालालंपूर, बार्सिलोना अशी कार्यालये वाढत गेली. २०१९ मध्ये एका डॅनिश स्टुडिओसोबत जाहीर केलेला 'फॉलन हीरोज' त्यांनी त्याच वर्षी बाजूला ठेवला, आणि एक अर्धे काम थांबवूनही कंपनीला धक्का बसला नाही. १९९९ शी हे ताडून पाहा.

'बाल्डर्स गेट' या मालिकेचे पहिले दोन गेम बायोवेअरने १९९८ आणि २००० मध्ये केले होते आणि तिचे हक्क 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळाची मालक असलेल्या विझर्ड्स ऑफ द कोस्टकडे आहेत. विंके यांनी तिसऱ्या भागासाठी पहिल्यांदा विचारणा केली तेव्हा लॅरियन अजून तेवढा परिपक्व नाही, असे कारण देऊन त्यांना नकार मिळाला. पुढे 'ओरिजिनल सिन २' तयार होत असताना विझर्ड्सकडूनच निरोप आला. दुसऱ्याच्या मालकीच्या नावावर काम करायचे आणि तरी आपल्या गतीने करायचे, हे लॅरियनला जमले, कारण तोवर प्रकाशन आणि पैसा दोन्ही त्यांच्याकडे होते. ऑक्टोबर २०२० मध्ये कथेचा फक्त पहिला अंक अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला, तोही पूर्ण किमतीला, आणि जवळपास तीन वर्षे लोक तेवढाच भाग खेळत राहिले.

प्रकाशनाच्या वेळी जे घडले ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत बोलके वाटते. जाहीर झालेली तारीख ३१ ऑगस्ट २०२३ होती. सप्टेंबरच्या सुरुवातीला 'स्टारफिल्ड'सारखा मोठा गेम येत होता. लॅरियनने पीसीची तारीख चार आठवडे अलीकडे आणून ३ ऑगस्ट केली, प्लेस्टेशन ५ ची तारीख ६ सप्टेंबरवर नेली, आणि एक्सबॉक्सची आवृत्ती वर्षाअखेरीपर्यंत थांबवली, कारण एक्सबॉक्सच्या कमी ताकदीच्या सीरिज एस यंत्रावर एकाच पडद्यावर दोघांनी खेळण्याची सोय नीट चालत नव्हती. एकाच गेमची तारीख एका यंत्रासाठी अलीकडे आली, दुसऱ्यासाठी पलीकडे गेली, तिसऱ्यासाठी थांबून राहिली, आणि हे सर्व ज्यांनी गेम बनवला त्यांनीच ठरवले. स्टीमवर एका वेळी खेळणाऱ्यांचा आकडा ८ लाख ७५ हजारांच्या वर गेला. त्या डिसेंबरमध्ये विंके चिलखत घालून द गेम अवॉर्ड्सच्या मंचावर वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा पुरस्कार घ्यायला गेले. तो फोटो तुझ्या भिंतीवर आहे, असे तूच लिहिले आहेस. त्याच महिन्यात विझर्ड्सची मालक कंपनी हॅस्ब्रोने सुमारे १,१०० लोकांना कामावरून कमी केल्याची बातमी आली, आणि पहिल्या बैठकीत समोर असलेल्या विझर्ड्सच्या माणसांपैकी जवळपास कोणीच आता तिथे उरले नाही, असे विंके यांनी जाहीरपणे लिहिले. मार्च २०२४ मध्ये लॅरियनने सांगितले की या गेमचा विस्तारही ते करणार नाहीत आणि चौथा भागही करणार नाहीत. इतक्या विकल्या जाणाऱ्या गोष्टीवर इथे थांबतो असे म्हणणे, हेही गेम पुरा झाला असे ठरवण्याच्या त्याच हक्कात मोडते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असू दे. लॅरियनमध्ये बाहेरचा पैसा नाही, असा समज करून घेऊ नकोस. चीनच्या टेन्सेंटकडे कंपनीचा सुमारे ३० टक्के हिस्सा आहे. परंतु ते मतदानाचा हक्क नसलेले शेअर्स आहेत असे विंके यांनी सांगितले आहे, आणि बहुमत त्यांच्या कुटुंबाकडे आहे. तेव्हा प्रकाशकाचा किंवा गुंतवणूकदाराचा पैसा घेतला म्हणजे आपण विकले गेलो, हा तुमच्या तिसऱ्या भागीदाराचा आक्षेप मला मान्य नाही. पैशासोबत कोणते निर्णय जातात, तेवढेच पाहायचे. आपल्या पुण्याच्याच नोडिंग हेड्स गेम्सने 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' केला तेव्हा त्यांची किकस्टार्टर मोहीम ठरवलेल्या रकमेपर्यंत पोहोचली नव्हती. तरीही त्यांनी काम सोडले नाही, गेम २०२० मध्ये आला आणि त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम स्वतंत्र गेमच्या नामांकनांत होता. त्याची लांबी काही तासांची आहे. लॅरियनचा शंभर तासांचा गेम भिंतीवर राहू दे, आणि टेबलावर 'राजी' ठेव. चार माणसांना मोजमाप त्याचेच घेता येईल.

आता तुमचा हिशेब पाहू. चौघांचे जेमतेम पगार, दोन चित्रकारांचे मानधन, जागेचे भाडे आणि सॉफ्टवेअर मिळून तू महिन्याला ४ लाख रुपये खर्च दाखवला आहेस. ८० लाखांत २० महिने निघतात. तुमच्या आराखड्यात गेम १८ महिन्यांत पूर्ण होतो. याचा अर्थ तारीख पुढे ढकलण्याचा तुमचा हक्क दोन महिन्यांचा आहे, मग करारात काहीही लिहिलेले असो. माझा सल्ला असा की आराखडा १२ महिन्यांच्या कामाइतका आखडा. तुमच्या कथेत तीन प्रदेश आहेत. डेमोमधला घाटातला प्रदेश आणि वाडा हे दोन ठेवा आणि समुद्रावरचा तिसरा प्रदेश काढून टाका. तो तुझा सर्वांत आवडता आहे हे मला कळते, पण पोहणे, बोटी आणि पाण्यावरची लढाई यांसाठी लागणारे सगळे काम नव्याने करावे लागणार आहे आणि पहिल्या दोन प्रदेशांत त्याचा काही उपयोग नाही. अर्ली अ‍ॅक्सेसविषयी तू विचारलेस. तुमचा गेम कथेवर चालतो आणि शेवटचे रहस्य फुटले की संपतो. त्यामुळे संपूर्ण गेम अपुऱ्या अवस्थेत विकायला काढू नका. स्टीमच्या नेक्स्ट फेस्ट या डेमोंच्या ऑनलाइन मेळ्यात पहिल्या प्रदेशाचा डेमो फुकट ठेवा आणि लोक कोठे अडतात, कोठे सोडून जातात ते नोंदवा.

मसुद्यातली उरलेली दोन कलमे राहिली. कलम ४ नुसार प्रत्येक टप्प्याचे काम 'प्रकाशकाच्या समाधानानुसार' असेल तरच पुढचा हप्ता मिळेल. त्याऐवजी प्रत्येक टप्प्याला काय काय द्यायचे याची यादी जोडून घे आणि प्रकाशकाने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर काम स्वीकारले गेले असे समजावे, हे वाक्य घाल. कलम ११ मध्ये ठरल्या तारखेपासून ३० दिवसांहून अधिक उशीर झाल्यास दंड आहे. तिथे जादा पैसे न मागता तीन-तीन महिन्यांची मुदतवाढ दोनदा मिळावी, असे माग. नावाचा आणि पुढच्या भागाचा हक्क तुमच्याकडे आहे, ते ठीक आहे, त्याला हात लावू नकोस. हे बदल लाल अक्षरांत करून, करारांचे काम करणाऱ्या वकिलाला एकदा दाखवून, मगच प्रकाशकाकडे पाठव. त्यांनी कलम ७ बदलायला नकार दिला आणि कलम ११ मान्य केले, तर सही करायला हरकत नाही. उलट झाले, म्हणजे पैशाची अट सैल केली पण तारखेची घट्ट ठेवली, तर मला फोन कर. ८० लाखांऐवजी ५० लाख घेऊन दंडाचे कलम काढून टाकता येते का, आणि उरलेले महिने ठेक्याच्या कामावर निभावता येतात का, याचा तक्ता आपण एकत्र बसून मांडू.

कळावे, लोभ असावा.

तुझा हितचिंतक